कोरा रकाना

पहिले तीन आठवडे मी फक्त बाटल्या धुतल्या.

रसायनशास्त्रात एम.एस्सी., तेही पहिल्या वर्गात, आणि हातात काय तर बाटल्या धुवायचा ब्रश. एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी शिकाऊ म्हणून लागले होते. आधी नळाचं पाणी, मग फॉस्फेट नसलेला साबण, पुन्हा नळाचं पाणी, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ठेवायचं आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने तीनदा विसळायचं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'मॅडम' म्हणायचे. त्यांनी क्रम सांगितला, कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. यासाठी का एवढी शिकले, असं मनातल्या मनात धुमसत राहिले.

चौथ्या आठवड्यात फॉस्फेटची चाचणी माझ्याकडे आली. मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घातलं की फॉस्फेट असलेलं पाणी निळं होतं, आणि निळा रंग जितका गडद तितकं फॉस्फेट जास्त. मर्फी आणि रायली यांनी 1962 साली सुटसुटीत करून दिलेली ही पद्धत अजूनही जगभर वापरतात. माझे नमुने छान निळे झाले. त्यांच्या शेजारी ब्लँक होता. ब्लँक म्हणजे ज्यात नमुना नसतोच, नुसतं डिस्टिल्ड वॉटर आणि रसायनं. तोही निळा झाला.

मॅडमनी तो फ्लास्क उजेडासमोर धरला. "या पाण्यात फॉस्फेट आहे असं म्हणणं आहे का तुझं?"

झालं असं होतं की आदल्या दिवशी फॉस्फेट नसलेला साबण संपला होता आणि मी बेसिनपाशी ठेवलेली साधी धुण्याची पावडर वापरली होती. आम्लात बुडवून ठेवायचं कामही घाईत उरकलं होतं. फ्लास्कच्या काचेवर राहिलेला डोळ्यांना न दिसणारा थर मला निळा होऊन दिसत होता. दोन दिवसांची रीडिंग रद्द झाली. रद्द कशी करायची हेही तेव्हाच शिकले: आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, ती अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण, तारीख, सही. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चूक वाचता येईल अशीच राहिली पाहिजे.

मी अपमानाने लाल झाले होते. मॅडम मात्र बऱ्यापैकी खुशीत होत्या. नंतर कळलं, ब्लँक लावून तो बिघडल्याचं स्वतःहून दाखवणारा शिकाऊ त्यांना ब्लँकच न लावणाऱ्यापेक्षा बरा वाटायचा.

खरं तर त्यांचा स्वभाव मुलाखतीतच कळायला हवा होता. त्यांनी विचारलं होतं, "शुद्ध पाण्याचा पीएच किती?" मी ताबडतोब म्हणाले, सात. "कोणत्या तापमानाला?" मी म्हणाले, पंचवीस अंशाला. "आणि शंभर अंशाला?" इथे मी अडखळले. पाणी तापलं की त्याचं विघटन वाढतं, हायड्रोजन आयन वाढतात, तितकेच हायड्रॉक्साइड आयनही वाढतात. म्हणून पीएच 6.1च्या आसपास येतो, पण पाणी आम्लधर्मी होत नाही, उदासीनच राहतं. हे मला येत होतं, फक्त असं कुणी विचारलं नव्हतं. मग पुढचा प्रश्न: "पंचवीस अंशाचं तेच शुद्ध पाणी बीकरमध्ये तासभर उघडं ठेवलं तर?" हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पीएच 5.6च्या जवळ उतरतो. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं ते सात प्रयोगशाळेच्या टेबलावर बघायला मिळणं मुश्कील. निवड झाली, पण तो प्रश्न मला बराच काळ नुसता शब्दांत पकडण्याचा खेळ वाटत राहिला.

टायट्रेशन, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजणं, मला येतं असा माझा समज होता. कॉलेजात ब्युरेट धरून चार वर्षं काढली होती. इथे विरघळलेल्या ऑक्सिजनची, डीओची, चाचणी करायला दिली आणि समज गळून पडला. ही पद्धत हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांची, 1888 सालची. बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा अडकू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कधर्मी आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ पडतो, नसेल तर पांढरा. मग आम्ल घातलं की जितका ऑक्सिजन होता तितक्या प्रमाणात आयोडीन मोकळं होतं, आणि ते थायोसल्फेटने मोजायचं. सुंदर पद्धत आहे. पाण्यातला वायू जागच्या जागी गाळात बांधून टाकायचा आणि मग सवडीने मोजायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला पाण्याचा स्वभाव नेमका ठाऊक होता.

मी तीन चुका केल्या. पहिली, नळी बाटलीच्या तोंडाशी धरून वरून पाणी सोडलं. खळखळाटात बाहेरची हवा आत मिसळली. नळी तळाला टेकवून, बाटलीचं दोन-तीन पट पाणी ओसंडून जाऊ द्यायचं असतं. दुसरी, काचेच्या बुचाखाली मोहरीएवढा बुडबुडा राहिला. तिसरी चूक कॉलेजातून आलेली: स्टार्च सुरुवातीलाच घातला. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला तर ते त्याला असं चिकटून बसतं की शेवटी निळा रंग जाता जात नाही, गेला म्हणावं तर परत येतो. आधी थायोसल्फेटने रंग फिकट गवती होऊ द्यायचा, मग स्टार्च, मग थेंबाथेंबाने. माझं उत्तर आलं लिटरला 9.8 मिलिग्रॅम. पाण्याचं तापमान होतं 25 अंश.

मॅडमनी वही बघितली. "पंचवीस अंशाला पाण्यात ऑक्सिजन मावतो किती?"

8.3च्या आसपास. शेवाळ भरपूर असलेल्या तळ्यात भर दुपारी त्याहून जास्त सापडू शकतो, पण आमचा नमुना बंद टाकीतला होता. मी उत्तर काढलं होतं आणि ते शक्य आहे का हे बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून एक सवय लागली. आकडा लिहिण्याआधी तो कुठून कुठपर्यंत असू शकतो याचा अंदाज वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचा. अजूनही लिहिते. अंदाज चुकला तर बरंच वाटतं, कारण मग एक तर पाण्याबद्दल काही नवं कळणार असतं किंवा स्वतःबद्दल.

सहा महिन्यांनी विहिरींचे नमुने माझ्याकडे आले आणि सगळ्यात जास्त मी त्यांच्याकडून शिकले.

भूजलाच्या नमुन्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम असे धनभारित आयन आणि बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट असे ऋणभारित आयन मोजतात. पाण्याला स्वतःचा विद्युतभार नसतो. त्यामुळे मिलिग्रॅमचं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबातल्या एककात, रूपांतर करून दोन्ही बाजूंची बेरीज केली की ती जुळायलाच हवी. याला आयन बॅलन्स म्हणतात. दोन्ही बाजूंच्या एकत्र बेरजेच्या पाच टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही चालवून घ्यायचो. माझ्या एका विहिरीचा फरक दहा टक्के यायचा. दर वेळी. धन बाजू 7.7, ऋण बाजू 6.3.

मी सगळं पुन्हा केलं. मोहरच्या पद्धतीने क्लोराइड पुन्हा काढलं. ईडीटीएने कॅल्शियम पुन्हा काढलं. सल्फ्युरिक आम्लाची नॉर्मॅलिटी पुन्हा ठरवली, पिपेट बदलली, आकडेमोड दुसऱ्याकडून तपासून घेतली. एखादा ऋण आयन मोजायचा राहिला असेल म्हणून फ्लोराइड आणि फॉस्फेटही बघितलं. होतं, पण नगण्य. आठवडाभर मी त्या 1.4 मिलिइक्विव्हॅलंटच्या मागे लागले होते. रात्री झोपेतही बेरजा करत असेन.

शेवटी मॅडमकडे गेले. त्यांनी एकही आकडा बघितला नाही. "बाटल्या किती दिवसांच्या आहेत?" पाच दिवसांच्या. "कॅल्शियम कुठल्या बाटलीतून काढलंस?" नायट्रिक आम्ल घातलेल्या. "आणि आल्कलिनिटी?" दुसऱ्या, साध्या बाटलीतून. आल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद; विहिरीच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटचीच. अर्थात, आम्ल घातलेल्या बाटलीतून आल्कलिनिटी कशी काढणार. "मग ती दुसरी बाटली रिकामी कर आणि आतून बघ."

आत भिंतीवर पांढुरका थर होता. बोटाला खरखरीत लागणारा. सौम्य आम्लाचा एक थेंब टाकला तर फसफसला.

जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो. वर येऊन ते बाटलीत पडलं, बाटलीत वर थोडी हवा मोकळी राहिली, की तो वायू निसटायला लागतो. वायू गेला की पीएच चढतो. पीएच चढला की बायकार्बोनेटमधून कार्बोनेट होतं आणि ते कॅल्शियमशी जोडी जमवून काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटतं. आम्लाच्या बाटलीत हे होत नाही, सगळं कॅल्शियम विरघळलेलं राहतं. म्हणजे माझी धन बाजू पहिल्या दिवशीच्या पाण्याची होती आणि ऋण बाजू पाचव्या दिवशीच्या. दोन वेगळ्या पाण्यांचा ताळा मी जुळवायला बसले होते.

पुढच्या खेपेला ब्युरेट, आम्ल आणि पीएच मीटर घेऊन मी स्वतः विहिरीवर गेले. पंप सुरू करून नळीतलं साचलेलं पाणी आधी वाहून जाऊ दिलं, पीएच आणि कंडक्टिव्हिटी (पाणी किती वीज वाहतं ते) स्थिर होईपर्यंत थांबले, मग नमुना घेतला. जागेवर पीएच 7.0, आल्कलिनिटी 312 (लिटरला मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). त्याच वेळी भरून आणलेली साधी बाटली पाच दिवसांनी काढली तर पीएच 8.1, आल्कलिनिटी 240. 312 धरून बेरीज केली तर ऋण बाजू 7.74 आली. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. लँगेलिअर यांच्या 1936च्या निर्देशांकाने हातानेही पडताळून बघितलं. विहिरीपाशी तो उणे 0.1, म्हणजे चुना ना विरघळतोय ना साचतोय. त्याच पाण्याचा पीएच 8.1पर्यंत चढू दिला तर अधिक 1, म्हणजे थर साचणारच.

मुलाखतीतला तो उघड्या बीकरचा प्रश्न मला त्या विहिरीच्या कडेला उमगला. पाणी बाटलीत भरलं म्हणजे थांबलं असं होत नाही. ते हवेशी देवाणघेवाण करत राहतं, भिंतीला काही देतं, भिंतीकडून काही घेतं, त्यातले जिवाणू खात राहतात. आपण मोजतो ते बाटलीतलं पाणी, आणि लोकांना हवं असतं विहिरीतल्या पाण्याबद्दल. या दोघांत किती अंतर पडलंय ते कुठलंही यंत्र सांगत नाही.

दोन वर्षांनी मला प्रक्रिया विभागात, म्हणजे प्रत्यक्ष शुद्धीकरणाच्या बाजूला, शिफ्ट मिळाली. प्रयोगशाळेत आकडा चुकला तर पुन्हा काढता येतो. इथे पाणी तुमच्यासाठी थांबत नाही.

पहिल्या मोठ्या पावसाची रात्र. येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा एरवी आठ-दहा एनटीयू असायचा, तो दोन तासांत चारशेच्या वर गेला. जुन्या ऑपरेटर काकांनी तुरटीचा डोस लिटरला वीस मिलिग्रॅमवरून चाळीस केला. फ्लॉक, म्हणजे मातीच्या कणांचे जे फुटाण्यासारखे पुंजके बनायला हवेत, ते बनेनात. त्यांनी साठ केला. पाणी आणखीच दुधाळ दिसायला लागलं. "ताई, तुरटी खराब आलीय बहुतेक," ते म्हणाले.

मी जार टेस्ट लावली. सहा बीकर, प्रत्येकात वेगळा डोस, एक मिनिट जोरात ढवळायचं, मग वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास निवळू द्यायचं. तीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर, ऐंशी. सहाही बीकर गढूळ, आणि जास्त डोसचे जास्त वाईट. घड्याळ पुढे जात होतं आणि मी सहा गढूळ बीकरांसमोर नुसती उभी होते. मग सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं: कच्च्या पाण्याची आल्कलिनिटी बघितली का? एरवी साठ असायची. काढली तर 28.

पावसाचं पाणी जवळजवळ निर्क्षार असतं. त्याने गाळ आणला आणि आल्कलिनिटी पातळ करून टाकली. तुरटी पाण्यात पडली की आम्ल तयार करते, आणि ते आम्ल पचवायला आल्कलिनिटी लागते: एक मिलिग्रॅम तुरटीला साधारण अर्धा मिलिग्रॅम. साठच्या डोसला तीस हवी, होती 28. शेवटच्या बीकरांचा पीएच पाचच्याही खाली गेला होता. इतक्या आम्लात ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड बनतच नाही, ते विरघळलेलं राहतं, गाळण्यातून आरामात पुढे जातं आणि पुढे पीएच वाढला की पाइपात जाऊन बसतं. काका जितकी तुरटी वाढवत होते तितकं काम बिघडत होतं. तुरटी अगदी चांगली होती.

दुसरी फेरी: सगळ्या बीकरांत तुरटी 45, आणि चुना शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. पंधराच्या बीकरमध्ये दहाव्या मिनिटाला पहिला पुंजका दिसला. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी चिखलाकडे कधी बघितलं नव्हतं. चुन्याचा पंप सुरू केला, तुरटी कमी केली, पहाटेपर्यंत गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा एकच्या खाली आला. काकांनी चहा पुढे केला आणि एवढंच म्हणाले, "चुन्याचा पंप चार वर्षांत कुणी चालवला नव्हता." तो चालू झाला हे आमचं नशीब, हा माझा निष्कर्ष.

त्याच केंद्रात रसायनांचा टँकर आला की मॅडम स्वतः खाली यायच्या. कागद वाचायचा, नळीचं तोंड कुठल्या टाकीला जोडलंय ते हात लावून बघायचं, नमुना काढून तपासायचा, मगच झडप उघडायची. मला ते अतीच वाटायचं. मग त्यांनी एकदा कॅमलफर्डची हकिगत सांगितली. इंग्लंडमधलं कॉर्नवॉल, जुलै 1988. लोअरमूर केंद्रात टँकरवाल्याने 20 टन ॲल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतलं, आणि ती टाकी होती शुद्ध केलेल्या पाण्याची. आम्लधर्मी झालेलं ते पाणी हजारो घरांत गेलं आणि वाटेत पाइपांतलं तांबं आणि शिसंही सोबत घेऊन गेलं. ऐकल्यानंतर मीही झडपेला हात लावून बघायला लागले.

इथून पुढे मी नोकरी बदलली. का, तर पगार; त्यात लपवण्यासारखं काही नाही. औष्णिक वीज केंद्राच्या रासायनिक विभागात गेले. पाणी तेच, पण भाषा एकदम उलटी. आतापर्यंत लिटरला मिलिग्रॅम मोजत होते, इथे त्याचा हजारावा भाग. पूर्णपणे शुद्ध पाण्याची कंडक्टिव्हिटी पंचवीस अंशाला 0.055 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. ते पाणी बाटलीत भरून टेबलावर आणलंत तर येईपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन ते एकच्या आसपास जातं. म्हणून इथे बाटलीच नाही. मीटर थेट वाहत्या नळीवर बसवलेले. विहिरीवरचा धडा या लोकांनी यंत्रणेतच बांधून टाकला होता.

एक गोष्ट मला फार आवडली. पाइप गंजू नयेत म्हणून बॉयलरच्या पाण्यात अमोनिया घालतात, आणि त्यामुळे कंडक्टिव्हिटी वाढते. मग घाण आली तर कळणार कशी? तर नमुना एका कॅटायन रेझिनमधून, म्हणजे धन आयन धरून ठेवून बदल्यात हायड्रोजन सोडणाऱ्या मण्यांमधून, जाऊ देतात. अमोनिया तिथेच अडकतो. मीठ असेल तर त्यातल्या सोडियमच्या जागी हायड्रोजन येतो, मिठाचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि हायड्रोजन आयन सोडियमच्या सातपट वीज वाहतो. म्हणजे जे लपवायचं ते लपतं आणि जे दिसायला हवं ते कितीतरी ठळक होऊन दिसतं. एका रात्री हे रीडिंग तासाभरात 0.15वरून 0.6वर चढलं, पाठोपाठ सोडियमही. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एक नळी फुटली होती. वाफेच्या बाजूला निर्वात असल्याने नळीतलं थंड करणारं पाणी तिकडे ओढलं जात होतं. ते बॉयलरमध्ये पोहोचलं तर काय होतं हे शिकण्यासाठी आम्ही कुणीच उत्सुक नव्हतो. भार कमी केला, नळी शोधली, बुजवली. त्या रात्रीचं माझं काम एवढंच: रीडिंगवर विश्वास ठेवायचा की मीटरवर संशय घ्यायचा, हे पाच मिनिटांत सांगणं. सोडियमचा मीटर वेगळा आणि त्याची पद्धतही वेगळी. दोन वेगळी यंत्रं एकाच वेळी एकच खोटं सहसा बोलत नाहीत. मी म्हणाले, खरं आहे.

आता नवखी मुलं मला विचारतात, या क्षेत्रात पुढे काय? मी त्यांना आधी विचारते की रात्रपाळी चालेल का. शुद्धीकरण केंद्र आणि वीज केंद्र या दोन्ही ठिकाणी ती असतेच. शिफ्ट नको असेल तर तपासणी प्रयोगशाळा. पण तिथे कामाचा मोठा भाग आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाचे कागद, कॅलिब्रेशनच्या नोंदी आणि अनिश्चिततेची गणितं यांत जातो, आणि ज्याला कागदाचा कंटाळा त्याने तिकडे जाऊ नये. रसायनं विकणाऱ्या कंपन्यांत कूलिंग टॉवर आणि आरओ सांभाळण्याचं काम असतं. फिरणं खूप, पैसा लवकर, पण स्वतःच्याच मालाच्या बाजूने आकडा वाचायचा मोह सतत. औषध कारखाने आणि चिप बनवणारे कारखाने अतिशुद्ध पाण्यासाठी माणसं घेतात. डायलिसिसचं पाणी हे वेगळंच प्रकरण. एका बैठकीत रुग्णाच्या रक्ताच्या संपर्कात पडद्याआडून सुमारे 120 लिटर द्रव येतो, आणि नळाच्या पाण्यात निर्धोक असलेला क्लोरामाइन, हे क्लोरीनचंच एक संयुग, तिथे रक्तपेशी फोडतो. तिथे कार्बन फिल्टरनंतरची क्लोरीनची चाचणी विसरायची सोय नाही.

संशोधन म्हणजे विद्यापीठच, असंही नाही. क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात हे 1974 साली जगापुढे मांडणारे रूक हे रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते. रोजचंच पाणी, पण त्यांनी ते नीट बघितलं. सध्या पीएफएएसवर, म्हणजे पाणी न चिकटू देणाऱ्या लेपांत वापरतात त्या फ्लोरिनयुक्त संयुगांवर, भरपूर काम आहे. तिथे लिटरला नॅनोग्रॅम मोजतात, आणि नमुना घेणाऱ्याने पाणी न लागणारं जॅकेट घातलं असेल तर तेच नमुन्यात येऊ शकतं. बाटल्या धुण्याचा कंटाळा असलेल्याने तिथेही जाऊ नये.

काय शिकून यावं? समतोलाचं रसायनशास्त्र हाताने सोडवता यावं, मिलिइक्विव्हॅलंट झोपेतही जमावं, थोडं संख्याशास्त्र यावं. महागडं यंत्र चालवणं महिन्यात येतं, मी ते मुलाखतीत विचारतही नाही.

वीज केंद्रानंतर मी एका खासगी तपासणी प्रयोगशाळेत आले आणि वर्षभराने मला अहवालावर सही करायचा अधिकार मिळाला. त्यासाठी तोंडी परीक्षा झाली, अनोळखी नमुने दिले गेले, जुने अहवाल काढून प्रश्न विचारले. पास झाले तेव्हा वाटलं होतं की अधिकार म्हणजे आकडे द्यायचा अधिकार.

पहिल्याच महिन्यात एका कारखान्याकडून खोकं आलं. सांडपाण्याच्या सहा बाटल्या, बर्फ नाही, दोन बाटल्या अर्ध्याच भरलेल्या, नमुना कधी घेतला ती वेळ कुठेच लिहिलेली नाही. चिठ्ठीवर हव्या असलेल्या चाचण्या: पीएच, डीओ, बीओडी (घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते), क्लोराइड, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), अमोनिया. क्लोराइडला काही होत नाही, ते महिनाभर तसंच राहतं. टीडीएस फारसा हलला नसता. पण अर्ध्या बाटलीतला डीओ? तो त्या बाटलीतल्या हवेचा आकडा. बीओडीची पाच दिवसांची चाचणी सुरू होण्याआधीच त्यातल्या जिवाणूंनी किती खाऊन संपवलं असेल ते त्यांनाच ठाऊक. अमोनियाही आम्ल घालून थंड ठेवला नाही तर टिकत नाही. आमच्या विश्लेषक मुलाने सगळं काढून ठेवलं होतं. पद्धत बिनचूक, ब्लँक स्वच्छ, दुबार रीडिंग जुळणारी. वहीत डीओ होता 6.4. शक्य कोटीतला, दिसायला अगदी सभ्य आकडा.

मी क्लोराइड आणि टीडीएस भरले. पीएच भरला, पण खाली 'नमुना मिळाल्यावर प्रयोगशाळेत मोजलेला' असं लिहिलं. डीओ, बीओडी आणि अमोनियाचे रकाने कोरे ठेवून शेरा लिहिला: नमुना स्वीकारण्यायोग्य नव्हता, वेळेची नोंद नाही, थंड ठेवलेला नाही, बाटल्या अपुऱ्या भरलेल्या. सोबत नमुना कसा घ्यायचा त्याची सूचना जोडली आणि पुन्हा घ्यायला आमचा माणूस पाठवायची तयारी दाखवली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडचे गृहस्थ चिडलेले होते. "चाचणी तुम्ही केली आहे ना? आकडा आला आहे ना? मग लिहायला काय जातं?" मी म्हणाले, आकडा आलाय, पण तो तुमच्या सांडपाण्याचा नाही, खोक्यातल्या बाटलीचा आहे. त्यांना ते पटलं नाही. आमच्या मालकांनाही फारसं पटलं नसावं. ते काही बोलले नाहीत, पण दोन दिवस माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अमोनियाला आम्ल घातलं नव्हतं?" नाही, म्हणाले. "मग ठीक आहे," म्हणाल्या, आणि विषय बदलला.

त्या कारखान्याचे नमुने आमच्याकडे पुन्हा आले नाहीत.